एक लेडीज, दोन मुंगसं

माझं इंग्रजी चांगलं आहे, अशी आमच्या गल्लीत एक अफवा आहे. बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं, एवढा एकच पुरावा माझ्याविरुद्ध आहे. पण त्याची शिक्षा पंचवीस वर्षं संपलेली नाही. गीझरचं माहितीपत्रक असो की बँकेचं पत्र, येतं माझ्याकडं. आणि परीक्षा जवळ आली की पोरं येतात.

परवा रात्री आठला पुतणी वही घेऊन आली. चौथीत आहे. सकाळी सिंग्युलर-प्लुरलची चाचणी. "सोप्पं असतंय ते," मी म्हणालो, "शेवटी 'एस' लावायचा." हे वाक्य बोलायला नको होतं.

पहिलाच शब्द ऑक्स. "ऑक्सन," मी सांगितलं. "आणि 'एस'?" तिनं विचारलं. मग जुन्या इंग्रजीत 'एन' लावूनही अनेकवचन व्हायचं, पुढं बहुतेकांनी 'एस' धरला आणि बैल मागं राहिला, अशी हकिगत सांगावी लागली. चिल्ड्रनची तर आणखी तऱ्हा. तिथं 'चिल्डर' हे अनेकवचन आधीच झालेलं होतं, तरी लोकांनी त्यावर 'एन' चढवला. कट ओतलेल्या मिसळीवर पुन्हा कट.

भाकरी थापता थापता आई म्हणाली, "बैल एक असू दे न्हाईतर बारा, आपल्यात बैलच की." आपण व्याकरण सांगितलं, हे तिच्या गावीही नव्हतं. बैल, उंदीर, दगड मराठीत एकाचे दहा झाले तरी जागचे हलत नाहीत. त्यामुळं शीपचं शीपच राहतं, हे पोरीला लगेच पटलं. त्या रात्रीचा माझा तो एकमेव विजय, तोही आईच्या जिवावर.

पुढं म्हैस. डिक्शनरी उघडली तर बफेलोची अनेकवचनं तीन: नुसतं बफेलो, 'एस'चं आणि 'ईएस'चं. तिन्ही बरोबर! गंगावेशीत उभ्या उभ्या धारोष्ण दूध पिणाऱ्या कोल्हापूरला म्हशीच्या बाबतीत एवढा घोळ परवडत नाही. "बाईंनी कुठलं सांगितलंय?" "ईएसवालं." "तेच लिही." इंग्रजीतला शेवटचा शब्द डिक्शनरीचा नसतो, चौथीच्या बाईंचा असतो.

आता आपण तरी कुठं धुतल्या तांदळाचे? केएमटीच्या बसमध्ये कंडक्टर ओरडतो, "थांब रं, एक लेडीज उतराय लागल्यात!" शब्द इंग्रजी अनेकवचनाचा, क्रियापद मराठी आदराचं, तेही अनेकवचनी, आणि पिशवी सावरत खाली उतरते ती एकटी बाई. पण हे मी पुतणीला सांगितलं नाही. आधीच साडेनऊ झाले होते.

गूसचं गीस पाठ झालं होतं. त्या जोरावर तिनं मंगूसपुढं ठोकून दिलं, 'मंगीस'. मी खोडायला लावलं. "मंगूसेस लिही. त्याचा गूसशी काय संबंध न्हाई. शब्दच त्यांचा न्हाई तो. आपलं मुंगूस, सतराव्या शतकात उचलून नेलंय."

तिनं पेन्सिल चावत विचार केला. "आपलंच हाय, तर मग मी मुंगसं लिहितो की."

(आमच्याकडं पोरीही 'लिहितो', 'जातो' म्हणतात. लिंगाचा प्रश्न कोल्हापूरनं केव्हाच निकालात काढलाय, वचनाचाच तेवढा राहिलाय.)

बी.ए.च्या तीन वर्षांत मला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी डिक्शनरी चाळल्यासारखं केलं, चष्मा पुसला. शेवटी, "मंगूसेसच लिही, मार्क जातील," म्हणालो. ती काही बोलली नाही. आमच्या घरातलं माणूस गप्प बसलं म्हणजे त्याला पटलं, असं कधीच नसतं.

दुसऱ्या दिवशी पेपर घेऊन आली. वीसपैकी एकोणीस. मंगूससमोर ठळक देवनागरीत 'मुंगसं', त्यावर तांबडी फुली, आणि खाली पालकांची सही हवी.

मी पेन शोधत होतो, तेवढ्यात आईनं पेपर उचलला आणि दारातनंच शेजारणीला दाखवला.

"एकच चुकलंय बघ. आन् तेबी इंग्रजांचं."