पाव हिस्सो खंय गेलो?

परवापासून वेंगुर्ल्याच्या बाजारात माझी नवी ओळख झाली आहे: 'तात्यांनी जेचां गाणां दुरुस्त करून दिल्यानी, तो'. मला हे मासळीबाजारात कळलं. सुरमईचा भाव सांगायच्या आधी कोळणीने विचारलं, "काय हो, तुमचां गाणां अडाकलेलां मां? सुटलां?" तात्यांना मी दोष देत नाही. पण जो माणूस आरतीलासुद्धा टाळ उलटा वाजवतो, त्याने माझी स्वरलिपी दुरुस्त केली हे गावभर होणं जरा अतीच झालं.

तर झालं असं. आमच्या भजनी मंडळाच्या बुवांनी डबलबारीसाठी, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यासाठी, नवा गजर बांधला. बुवांचा नातू मुंबईला शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. तो चतुर्थीला येणार, साथीला बसणार, पण त्याला कागद लागतो, पाश्चात्य स्वरलिपीचा, पाच रेघांचा. पाच रेघांशी थोडीफार ओळख असलेला वाडीत मी एकटा, त्यामुळे काम आपोआप माझ्या गळ्यात.

मी ते लिलीपाँडमध्ये करतो. या सॉफ्टवेअरमध्ये माऊसने सूर उचलून रेघांवर ठेवायचे नसतात, सगळं टाइप करायचं असतं. अक्षर म्हणजे सूर, त्यापुढचा आकडा म्हणजे त्याची लांबी. वरच्या सप्तकाला अपॉस्ट्रॉफी, खालच्या सप्तकाला स्वल्पविराम. भातखंड्यांच्या पुस्तकात डोक्यावरचं टिंब नि पायाखालचं टिंब जे काम करतं, तेच. टाइप करून झालं की बटण दाबायचं. मग एक तर छापखान्यात शोभेल असं देखणं पान येतं, नाही तर शिव्या येतात.

ते लिहिलं दोन डच माणसांनी, हान-वेन नीनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन यांनी, १९९६ साली. म्हणूनच की काय, त्यात सुरांची नावंही मुळात डच आहेत. सी शार्पला सिस, बी फ्लॅटला बेस, ई फ्लॅटला नुसतं एस. इंग्रजी नावं हवी असतील तर वर तसं सांगावं लागतं. सतराव्या शतकात डचांनी आमच्या वेंगुर्ल्यात वखार घातली, तिच्या भिंती अजून उभ्या आहेत, झाडोऱ्यात. डच गेले म्हणून आम्ही सुटलो असं वाटत होतं. तीनशे वर्षांनी ते माझ्या लॅपटॉपात शिरले आणि आता बुवांच्या गजराला सिस-फिस करायला लावतायत.

बुवांची पट्टी काळी एक. क्लॅरिनेट बी फ्लॅटचं, म्हणजे त्याच्या कागदावर सगळं एक पूर्ण स्वर वर चढवून लिहायचं. यासाठी एक ट्रान्सपोज नावाची आज्ञा आहे, ती इमानाने चढवते. फारच इमानाने. काळी एकला सी शार्प म्हणालात तर कागदावर दुहेरी शार्पांचं असं काटेरी कुंपण उभं राहतं की पोरगं क्लॅरिनेट टाकून पळेल. त्याच पट्टीला डी फ्लॅट म्हणा, की गुमान तीन फ्लॅट. पेटीवर पट्टी तीच, बोट तेच. हे मी बुवांना सांगायला गेलो तर ते म्हणाले, "तू काळी एकच लिव." बरं.

चतुर्थीच्या तोंडावरचा पाऊस, घरी लाइट नाही. म्हणून लॅपटॉप काखोटीला मारून बाजारातल्या ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात गेलो. तिथे इन्व्हर्टर आहे, प्रिंटर आहे, आणि एक पोरगा आहे. हा पोरगा या लेखाचा खरा खलनायक आहे, पण त्याचं नाव बाजारात कोणी घेत नाही. फाइल तयार होती, फक्त सुरांखाली गजराचे बोल घालायचे राहिले होते. पोरगा म्हणाला, "काका, द्या ती वही, मराठी टायपिंग मी करतो. तुम्ही चाय घ्या." मी चाय घेतली.

परत येऊन बटण दाबलं. पानावर बोलांच्या जागी एबीसीडी, टक्के, कंस आणि रुपयाची खूण अशी खिचडी. पोराने युनिकोडऐवजी जुन्या फॉन्टात टाइप केलं होतं, जो फक्त त्याच्याच दुकानात मराठी दिसतो. ते परत मी टाइप केलं. मग बोल सुरांवरून घसरायला लागले. एका शब्दाची अक्षरं वेगवेगळ्या सुरांवर टाकायची तर मध्ये दोन छोट्या आडव्या रेघा द्याव्या लागतात. पोराने अख्खी फाइल वर्डमध्ये घेऊन काम केलेलं, आणि वर्डने त्या दोन रेघांची एक लांबलचक रेघ करून टाकली. लिलीपाँड तिला अक्षर समजून एकेक सूर बहाल करत होता. 'विठ्ठला'तला 'ला' थेट पुढच्या ओळीत.

हेही निस्तरलं. मग आला इशारा: बार चेक फेल्ड ॲट १/४.

बाकड्यावर तात्या बसलेले. सातबारा काढायला सकाळपासून आलेले आणि सर्व्हर डाऊन. माणूस सहा तास रिकामा बसला की दुसऱ्याच्या स्क्रीनमध्ये बघतोच. ते उठून माझ्या खांद्यामागे आले. त्यांच्या छत्रीचं पाणी माझ्या चपलेत.

"ह्यां काय रे? सहा-आठ? सातबारो ऐकललंय. सहा-आठचो उतारो कसलो?"

"उतारो नाय तात्यानू, ताल असा. दादरो. सहा मात्रांचो."

"माका शिकवतंस? नमुनो सहा म्हणजे फेरफार, आठ-अ म्हणजे खातां. दोनय एकाच कागदार कसे?"

मी म्हटलं, गप्प राहावं. पण त्यांनी आता चष्मा पुसला. चष्मा पुसणारा म्हातारा म्हणजे तासाभराची निश्चिंती.

"आणि ह्यो आठ एकाच अक्षराक कित्याक? बाकीच्यांनी काय पाप केल्यानी?"

"एकदा आकडा दिला की पुढच्या सगळ्या सुरांना तोच लागतो. नवा आकडा येईपर्यंत."

"म्हणजे वारस लागले!" तात्या खूश. पोराकडे वळून म्हणाले, "ऐकलंस? गाण्यातय वारस नोंद असता."

मग त्यांची नजर खालच्या इशाऱ्यावर गेली. इंग्रजी त्यांना येत नाही, पण एक भागिले चार ते झोपेतही ओळखतात. आवाज एकदम खाली आला.

"पाव हिस्सो?"

"तसं नाही हो, मात्रांची बेरीज..."

"पाव हिस्सो खंय गेलो?"

"मापाच्या शेवटी उभी रेघ असते तिथे तो बेरीज बघतो, आणि..."

"बेरीज जुळत नाय म्हणजे कोणीतरी खाल्ल्यान. माझ्या चुलत्यानय पाव हिस्सोच खाल्ल्यान. कलमां धरून."

पुढची वीस मिनिटं चुलता, कलमं, सामायिक विहीर, मुंबईला गिरणीत गेलेला भाऊ, त्याने कोऱ्या कागदावर केलेली सही. मध्ये पोरगा म्हणाला, "काका, एवढं कशाला? वर्डमध्येच करा ना, इन्सर्टमध्ये म्युझिकचं चिन्ह असतं." मी फाइलचा शेवट तपासत होतो, मग मधला भाग, मग गजराची चढती लय जिथे येते तिथलं एकेक माप. या इशाऱ्याचा स्वभाव असा की तो एकदा कुरकुरतो आणि पुढे गप्प बसतो, पुढची सगळी मापं एकाच फरकाने सरकलेली असली तरी.

"शेवटाक काय बघतंस?" तात्यांनी माझ्या खुर्चीच्या पाठीवर थाप मारली. "चूक जंय दिसता थंय कधी नसता. मूळ नोंद बघ. सगळ्यात वयली."

निव्वळ त्यांचं तोंड बंद व्हावं म्हणून मी वर गेलो. वरची ओळ गायब होती.

गजर समेवर सुरू होत नाही, पाचव्या मात्रेवर उठतो. समेआधी दोन मात्रा. सहा-आठात एक मात्रा म्हणजे एक अष्टमांश सूर, तर दोन मिळून बरोबर एक चतुर्थांश. हे लिलीपाँडला सांगायला मी सुरुवातीलाच एक ओळ लिहिली होती: बॅकस्लॅश पार्शल ४. ती ओळ नाही म्हटल्यावर पहिल्याच उभ्या रेघेशी फक्त पाव भरलं होतं.

"ती ओळ होय?" पोरगा म्हणाला. "तिच्याखाली लाल रेघ येत होती. मला वाटलं स्पेलिंग चुकलंय, म्हणून काढली."

वर चेहरा असा, की मी त्याचे आभार मानावेत.

मी ओळ परत घातली, बटण दाबलं, बिनतक्रार पान आलं. तात्यांनी बाकड्यावरच्या सगळ्यांना वळून सांगितलं, "गावलो. पाव हिस्सो गावलो." पीक विम्याला आलेली एक बाई टाळ्या वाजवणार होती, पण हातात आधार कार्ड होतं. तिथून मासळीबाजार पाच मिनिटांवर.

प्रिंट आली. तात्यांनी ती माझ्या आधी उचलली आणि सवयीने तळाशी बघितलं. लिलीपाँड पानाखाली आपलं नाव आणि आवृत्ती स्वतःहून छापतो.

"हो बोजो कोणाचो?"

"बोजा नाही हो. ज्या सॉफ्टवेअरने छापलं त्याचं नाव. काढता येतं. टॅगलाइनपुढे एक खूण लिहायची, की गेलं."

"किती दिवस लागतत?"

"आत्ता. एका ओळीचं काम."

तात्या माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला जुना उतारा काढला आणि इतर अधिकाराच्या रकान्यावर बोट ठेवलं. बैलजोडीसाठी त्यांच्या वडलांनी घेतलेलं कर्ज. वडील गेले, बैल गेले, कर्ज फिटलं, दाखला दिला, अर्ज दिला, परत अर्ज दिला. बोजा आहे तिथेच.

"मगे ह्योय उतरव," म्हणाले. "तुझो लॅपटॉप चालूच असा."

मी काय बोलणार? तेवढ्यात पोराने बिल पुढे केलं. प्रिंटचे पैसे, चार्जिंगचे पैसे, आणि मराठी टायपिंगचे वेगळे.