अपघात आधी, गाडी नंतर

मोटार अपघाताचा खोटा दावा लावायचं तुमचं ठरलंच असेल, तर विमा कंपनीच्या पॅनलवरचा वकील म्हणून माझी एकच विनंती आहे: जरा मन लावून करा. हल्ली समोर फार गचाळ काम येतं, आणि त्याने आमच्या उलटतपासाची धार जाते.

आधी हिशेब समजून घ्या. रात्री कुणी माणसाला उडवून पळालं आणि गाडी सापडलीच नाही, तर सरकारी योजनेतून वारसांना २ लाख मिळतात. १ एप्रिल २०२२च्या आधी २५ हजार मिळत. आता तोच माणूस ३० वर्षांचा, महिना १५ हजार कमावणारा, मागे बायको, दोन मुलं आणि आई, आणि धडक देणारी गाडी विम्याची निघाली, असं धरा. सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांतलं भरपाई मोजायचं कोष्टक लावा. पुढच्या पगारवाढीपोटी ४० टक्के मिळवा, त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा काढा, गुणिले बारा महिने, गुणिले १७ हा त्याच्या वयावरून ठरणारा गुणक. झाले ३२ लाख १३ हजार, किरकोळ रकमा वेगळ्या. माणूस तोच, मरण तेच; फरक एका नंबरप्लेटचा. ३० लाखांचा खड्डा कायद्यानेच रस्त्यात ठेवल्यावर त्यात एखादी गाडी येऊन पडायचीच.

तेव्हा गाडी शोधा. घाई नको. फिर्याद 'अज्ञात वाहन' अशीच जाऊ द्या. दीड महिन्याने एका साक्षीदाराला नंबर आठवेल. हा बहुधा मयताचा मावसभाऊ असतो. अमावास्येच्या रात्री, भर पावसात, पळत्या टेम्पोचे चारही आकडे त्याने वाचलेले असतात. टेम्पोचा रंग मात्र सांगता येत नाही. इतके दिवस गप्प का होतात, असं मी विचारतो. "साहेब, दुःखात होतो." हे उत्तर ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. तुम्ही निदान नवीन काही शोधा.

गाडी निवडताना विमा आज चालू आहे एवढ्यावर खूश होऊ नका. अपघाताच्या तारखेला होता का ते पाहा. हसू नका, हे विसरणारे भेटतात. शिवाय ती गाडी त्या रात्री दोनशे किलोमीटरवरच्या टोलनाक्यातून गेलेली नसावी. फास्टॅगचा उतारा पाहून साक्षीदाराचा चेहरा जसा होतो, तसा दुःखानेही होत नाही.

मालकाचं काम सोपं. त्याने नोटीस घ्यायची आणि घरी बसायचं. दावा त्याच्याविरुद्ध एकतर्फी चालतो. किरकोळ दुखापतीचं प्रकरण असेल तर ड्रायव्हर फौजदारी कोर्टात गुन्हा कबूल करून मोकळा. हयगयीने गाडी चालवल्याचा दंड जास्तीत जास्त हजार रुपये, जुन्या भादंविच्या कलम २७९ला होता तेवढाच नव्या न्याय संहितेच्या २८१लाही. हजारात दोषी माणूस मिळतो, आणखी काय हवं? मी मग मोटार वाहन कायद्याच्या कलम १७०खाली अर्ज देतो की मालक आणि अर्जदार आतून मिळालेले आहेत, मला सगळ्या मुद्द्यांवर लढू द्या. त्यावर तुमच्या वकिलांचं म्हणणं येईपर्यंत चार तारखा जातात. तेवढ्यात मावसभावाचं पाठांतर पक्कं करून घ्या.

जपायचं एकाच माणसाला: कॅज्युअल्टीतल्या शिकाऊ डॉक्टरला. रात्री दोन वाजता जखमीला आणणारा जे सांगतो, तेच तो केस पेपरवर उतरवतो. "दारू पिऊन मोटारसायकलवरून घसरला." त्याला ना विम्याचं देणं, ना कोष्टकाचं घेणं. त्याच्या त्या किरट्या ओळीने जितके दावे बुडवले, तितके मी वीस वर्षांत बुडवले नसतील. फी मात्र मी घेतो.

पगाराचा दाखला मेव्हण्याच्या दुकानाचा चालेल, पण आयकराचं विवरणपत्र मयताने मेल्यावर भरलेलं नको. वय आधारवर कमी दिसत असेल तरी हुरळू नका. शाळा सोडल्याचा दाखला वरचढ, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४मध्ये सांगून ठेवलंय.

वकिलांच्या टक्केवारीबद्दल लिहीत नाही. निकालावर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत बंदी आहे, म्हणून ती कुठेच लिहिलेली नसते. उत्तर प्रदेशात अशा बनावट दाव्यांमध्ये वकीलच गुंतल्याच्या तक्रारी होत्या, आणि तिथल्या बार कौन्सिलला सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये खडसावलं. आपल्याकडे सगळे सज्जन आहेत.

आणि समजा, तुमचा दावा खराच असला? गाडी खरी, नंबर पहिल्याच दिवशी फिर्यादीत, नवरा खरोखर गेलेला? तरी वेगळ्या वागणुकीची अपेक्षा ठेवू नका. तुमच्या अर्जालाही माझी कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, तीच येईल: "अर्जातील संपूर्ण मजकूर खोटा, बनावट व या जाबदेणार कंपनीस नाकबूल आहे." ती कॉम्प्युटरवर कायम तयार असते. कारकून फक्त गाडीचा नंबर बदलतो.