ओनिंग साइट रिकामी केली म्हणून रेप्लिका लोकल होत नाही

टीमसेंटर हे डिझाइन डेटा सांभाळणारं सॉफ्टवेअर, आणि त्याचं मल्टिसाइट म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणच्या डेटाबेसमध्ये (साइट्समध्ये) तो डेटा शेअर करायची सोय. त्याबद्दल एक सल्ला सगळीकडे फिरतोय. जुनी साइट बंद झाली, तिच्या डेटाच्या रीड-ओन्ली रेप्लिका (एडिट न करता येणाऱ्या प्रती) आपल्याकडे उरल्या, तर सरळ डेटाबेसवर एसक्यूएल चालवून ओनिंग साइटचा, म्हणजे मालक साइट कोणती ते सांगणारा, कॉलम रिकामा करा, सगळं लोकल (आपल्या साइटच्या मालकीचं) होतं, पाच मिनिटांचं काम. मला हे वाचून खरंच काळजी वाटते, कारण यात थोडं खरं आहे आणि त्या भरवशावरच लोक करून बसतात.

खरं एवढंच की लोकल ऑब्जेक्टची ओनिंग साइट रिकामी असते. पण "कॉलम रिकामा केला की झालं" हे चूक. आयटम (पार्टची नोंद) वेगळा, रिव्हिजन वेगळी, फॉर्म, डेटासेट (फाइल्स ठेवणारा), बीओएम व्ह्यू रिव्हिजन (असेंब्लीची रचना), प्रत्येकाची ओनरशिप स्वतंत्र. आयटम लोकल केला आणि डेटासेट राहून गेला तर ते एडिटसाठी चेकआउट करायला गेल्यावरच कळतं, बऱ्याचदा काही महिन्यांनी.

"रेप्लिका म्हणजे ओरिजिनलचीच कॉपी" असंही त्यात लिहिलंय, आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. रेप्लिका म्हणजे शेवटच्या सिंकच्या दिवशीचा डेटा, तोही तेव्हा जे ऑप्शन टिक केले होते तेवढाच. फक्त रिलीज झालेल्या रिव्हिजन पाठवल्या असतील तर वर्किंगमधल्या तुमच्याकडे आलेल्याच नाहीत, आणि असेंब्ली कंपोनंटशिवाय पाठवली असेल तर आत नुसते स्टब, म्हणजे "हा पार्ट त्या साइटवर आहे" एवढीच नोंद, तिच्यातून मॉडेल कुठून येणार? अशा अर्धवट डेटाला मास्टर (एडिट होणारी मूळ प्रत) केलं की तोच अर्धवटपणा कायमचा.

"साइट बंदच आहे, मग क्लॅश कोणाशी?" बाकीच्या साइट्सशी. त्यांच्याकडच्या रेप्लिका अजून जुन्याच साइटला ओनर मानतात, ओडीएसमध्ये (कोणता ऑब्जेक्ट कुठल्या साइटचा ते सांगणाऱ्या सामायिक डिरेक्टरीत) पब्लिश केलेली नोंदही तेच सांगते, त्यामुळे तुम्ही केलेले बदल त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत. त्यात मूळ आणि रेप्लिका दोघांचा युआयडी (ऑब्जेक्टचा अंतर्गत ओळख क्रमांक) एकच असतो, म्हणून उद्या कोणी एका जुन्या ड्रॉइंगसाठी ती साइट बॅकअपवरून उठवली तर एकाच युआयडीचे दोन मास्टर, दोन्हीकडे एडिट चालू.

ओनरशिप ट्रान्सफर (मालकी रीतसर दुसऱ्या साइटला देणं) वेळखाऊ आहे, मध्येच अडकतो, ही तक्रार मात्र बरोबर आहे, मीही रात्री जागून काढल्यात त्यापायी. पण अडकला तर एक्स्पोर्ट रिकव्हरी युटिलिटी त्याचसाठी आहे, आणि डेटा शेअर या युटिलिटीने ट्रान्सफर केला की जुन्या साइटवरची कॉपी आपोआप रेप्लिका होते. साइट आधीच गेली असेल तर तिचा बॅकअप तात्पुरत्या सर्व्हरवर त्याच साइट आयडीने उठवा आणि तिथून रीतसर ट्रान्सफर करा. बॅकअपही नसेल तर व्हेंडरच्या सपोर्टला विचारा, आणि ते सांगतील ते आधी टेस्ट डेटाबेसवर करून बघा. आणि साइट अजून चालू असेल, बंद करायची तारीख नुसती ठरली असेल, तर तिच्या मालकीचं काय काय उरलंय त्याचा सर्च आजच मारा.