‘अर्ज खरडणारा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुर्की कादंबरीकार यशार केमालवरच्या माझ्या लेखाखाली परवा एक लांबलचक प्रतिक्रिया आली. तिचा सारांश असा की लेख म्हणजे भाबडं कौतुक आहे, त्यांच्या ‘इन्जे मेमेद’ कादंबरीत दरोडेखोराला हिरो केलंय, चारही भागांत तेच तेच आहे, बायका नुसत्या सोसायला आहेत, नोबेल शेवटी दुसऱ्याच तुर्की कादंबरीकाराला, ओरहान पामुकना मिळालं, आणि केमालच्या जन्मगावाचा प्रांतही चुकलाय. आणि शेवटचं वाक्य : “कचेरीबाहेर अर्ज खरडणाऱ्याला उगाच महर्षी करू नका, आधी वाचन वाढवा.”

प्रांताचं तुमचं बरोबर आहे. हेमिते गाव मी अडानात टाकलं होतं, ते आता उस्मानिये प्रांतात येतं. चूक माझीच, दुरुस्त केली.

पण “खरडणाऱ्याला”? हा शब्द तुम्ही किती सहज लिहून गेलात. मतभेद असू द्या हो, पण एखाद्याच्या पोटापाण्याच्या कामाबद्दल असं बोलायची काय गरज होती? आणि माझं वाचन किती हे तुम्हाला कुठून कळलं?

माझे वडील, अण्णा, एकोणतीस वर्षं तालुक्याच्या कचेरीबाहेर टाइपरायटर घेऊन बसले. शाळा सुटली की मी तिथेच जाऊन बसायचे. एखादी म्हातारी यायची, नवऱ्याच्या मागे दिरानं सातबाऱ्यावरून नाव काढलं म्हणून, आणि बोलायला लागली की लग्नापासून सुरुवात, मग विहीर, मग बैल, मग कुणी कुणाला काय म्हटलं, तासभर. अण्णा मध्ये बोलायचे नाहीत. सगळं ऐकून आठ ओळी टाइप करायचे आणि वाचून दाखवायचे, आणि म्हातारी डोळ्याला पदर लावून म्हणायची, अस्संच झालं बघा. तासाभरातून त्या आठ ओळी काढायला काय लागतं हे मी जवळून पाहिलंय, तुम्ही पाहिलंय का?

केमाल कादिर्ली या गावी हेच काम करायचे. तुर्कीत त्याला अर्झुहालजी म्हणतात, त्यातला अर्झ म्हणजे आपलाच अर्ज, आणि हाल म्हणजे माणसाची अवस्था. त्याआधी कापसाच्या शेतात मजुरी, भाताच्या पाण्यावर राखण, ट्रॅक्टर चालवणं, सगळं झालेलं. लहानपणी एक डोळा गेलेला, पाचेक वर्षांचे असताना डोळ्यांसमोर मशिदीत वडिलांचा खून झालेला, त्यानंतर बारा वर्षांचे होईपर्यंत बोलताना अडखळायचे. अशा माणसानं गावोगाव फिरून बायकांची विलापगीतं गोळा केली आणि १९४३ साली त्यांचंच पहिलं पुस्तक काढलं. हा माणूस आयुष्यभर दुसऱ्याचं ऐकून लिहीत आला, अर्ज असो नाहीतर कादंबरी. १९५१ ला इस्तंबूलला जाऊन ‘जुमहुरियेत’ या वर्तमानपत्रात लागल्यावरसुद्धा अनातोलियातल्या खेड्यांवरच लिहीत राहिला.

म्हणून ‘इन्जे मेमेद’ सुरू होते ती बंदुकीनं नाही, काट्यांनी. काटेरी रानात नांगर धरणारा पोरगा, पाय रक्तबंबाळ, आणि पिकाचा मोठा वाटा आगा, म्हणजे जमीनदार, नेणार. शेवटी गावकरी नांगरणीआधी ते काटेच पेटवून देतात. हे ज्याला फक्त दरोडेखोरीचं पुस्तक वाटलं त्यानं ते कसं वाचलं असेल, मला खरंच कळत नाही. वाचन वाढवायला तुम्ही मला सांगताय!

बाकीच्या मुद्द्यांवर फार लिहीत नाही. चार भाग १९५५ ते १९८७ एवढ्या काळात आलेत, लांबले वाटत असतील तर पहिलाच वाचा. बायकांबद्दल वेगळा लेख होईल. पामुक मलाही आवडतात, त्यांना २००६ ला नोबेल मिळालं म्हणून केमाल लहान होत नाहीत. आणि कौतुक भाबडं म्हणाल, तर ज्या माणसानं सत्तरी ओलांडल्यावर कुर्दांवरच्या अत्याचारांबद्दल १९९५ ला जर्मन साप्ताहिकात उघड लिहिलं आणि त्यासाठी कोर्टाची पायरी चढला, त्याचं मी कौतुक करणारच, करत राहणार.

अण्णा जाऊन सहा वर्षं झाली. त्यांचा टाइपरायटर माझ्या टेबलावर आहे, ‘र’ची कळ अडकते. तुम्ही त्यांना ओळखत नव्हता, मान्य, पण ते वाक्य मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा मला तो कचेरीसमोरचा लिंबच दिसला. प्रतिक्रिया मी काढलेली नाही, आहे तशीच ठेवलीय.