‘पाच मिनिटांचे पाचशे, ही लूट आहे’ या रिव्ह्यूला क्लिनिककडून उत्तर

नमस्कार दादा,

तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल माफ करा. वडिलांच्या आजाराबद्दल मी इथे काही लिहिणार नाही, ते चार लोकांत बोलायचं नसतं. पण तुम्ही ‘पाच मिनिटं’ लिहिलंत, त्यावर बोलणं भाग आहे.

नाशिकचे डॉक्टर आमच्या क्लिनिकमधून लावलेल्या व्हिडिओ कॉलवर पाच मिनिटं बोलले असतील. त्याआधी सिस्टरने बीपी घेतलं, शुगर बघितली, गोळ्यांची पाकिटं एकेक करून लिहून घेतली आणि रिपोर्टचे फोटो काढून पाठवले. डॉक्टरांनी ते वाचले, मगच कॉल लागला. आणि कॉल लागला तेव्हा तुम्ही समोरच्या टपरीवर होतात. आम्ही पोराला बोलवायला पाठवलं, तोवर डॉक्टर तिकडे थांबून होते. ही मिनिटं तुमच्या हिशेबात कुठे दिसली नाहीत.

पाचशेतले चारशे डॉक्टरांचे. उरलेल्या शंभरात सिस्टर, शुगरची पट्टी, इंटरनेट आणि लाइट गेली की चालणारा इन्व्हर्टर. यात माडी बांधून होत नाही, दादा.

‘हात न लावता फी कसली’ असं तुम्ही काउंटरवरही म्हणालात. केंद्र सरकारची टेलिमेडिसिनची, म्हणजे फोन-व्हिडिओवरून तपासण्याची, नियमावली मार्च २०२० मध्ये आली. फीच्या बाबतीत व्हिडिओवरची तपासणी समोरासमोरच्या तपासणीसारखीच धरावी आणि फी घेतली तर पावती द्यावी, असं त्यात आहे. पावती तुमच्याकडे आहे.

ई-संजीवनी, म्हणजे सरकारची व्हिडिओवरून डॉक्टरांना दाखवायची सोय, फुकट आहे म्हणाल, तर ते अगदी खरं. चांगली सोय आहे, आम्ही स्वतः कितीतरी लोकांना उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठवतो. तिथला खर्च सरकार करतं. माझ्या सिस्टरचा पगार मला द्यावा लागतो. आणि तुम्हाला ठरावीक स्पेशालिस्टच हवे होते, म्हणून तुम्ही इथे आलात. नाहीतर पावसात म्हाताऱ्या माणसाला घेऊन सावळघाटातून नाशिक गाठायचं, जीपभाडं, दिवसभराची मजुरी बुडणार, आणि तिथली फी वेगळीच. ‘लूट’ लिहिताना हे आठवायला हवं होतं.

सिस्टरला जे बोललात ते मी इथे लिहीत नाही. तिने ते मनाला लावून घेतलंय.

पावतीवर सगळी रक्कम एकाच ओळीत असते, ती वेगवेगळी लिहायचं बघतो. दराचा बोर्डही लावू, पेंटर मिळाला की. सात दिवसांत त्याच तक्रारीसाठी परत दाखवलं तर फी नाही, हे पावतीच्या मागे छापलेलंच आहे. वडिलांना येत्या मंगळवारी आणायचं असेल तर सोमवारपर्यंत फोन करा, आणि जुनी फाइल आठवणीने आणा. स्टार वाढवा असं म्हणत नाही, तेवढा ‘लूट’ शब्द काढलात तर बरं होईल.