दम खाणारं घर

पूर्ण बंद पडलेली गाडी ही सभ्य गाडी. ती बंद पडते, टोचन मागवते, गॅरेजमध्ये जाऊनही बंदच राहते आणि मिस्त्रीला प्रामाणिकपणे तोंड दाखवते. खरा छळ करते ती अधूनमधून दम सोडणारी. चढाच्या मधोमध पाय तळापर्यंत दाबलेला, आणि गाडी ऐंशीवरून साठ, साठवरून पस्तीस. त्यातून ती मोटारहोम असली, तर साडेतीन टनांची कपाटं, बिछाने, शेगडी आणि पाण्याची टाकी घेऊन आपण रस्त्याच्या मध्यभागी संसार थाटल्यासारखे दिसतो. मागच्या बारा गाड्यांचीही तशीच समजूत होते. मग चढ संपतो, गाडी खाकरते आणि तरुण होऊन पळू लागते. गॅरेजमध्ये तर तिच्याइतकी निरोगी गाडी दुसरी नसते.

अशा वेळी सल्ल्यांना तोटा नसतो. कोणी डिझेल फवारणारे इंजेक्टर बदलायला सांगतो, कोणी हाय प्रेशर पंप, कोणी थेट इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा टर्बो. सल्ला फुकट आणि सुटा भाग सर्वांत महाग, हे या शास्त्राचं पहिलं सूत्र. तीन महागडे भाग बदलून झाल्यावर कळतं, दुखणं रेड्याला होतं आणि डाग पखालीला दिला.

माझं मत विचाराल तर हे दुखणं कसं येतं यापेक्षा कसं जातं ते आधी बघावं. येताना सगळी दुखणी सारखीच दिसतात. जाताना मात्र आपला पत्ता ठेवून जातात. एक वही घ्यावी आणि शेजारी बसलेल्याच्या हातात द्यावी (चालवणाऱ्याने लिहू नये, हे लिहायची खरं तर गरज नसावी). टाकीत डिझेल किती, चढ की सपाटी, गियर कोणता, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) किती, इंजिन किती तापलेलं, धूर कोणत्या रंगाचा, आणि मुख्य म्हणजे दम परत कशाने आला: चावी फिरवून, दहा मिनिटं थांबून, की नुसता पाय उचलून?

दहा मिनिटं थांबल्यावर बरी होत असेल, तर आधी डिझेलच्या वाटेवर संशय घ्यावा. टाकीच्या तळाशी डिझेल ओढणारी नळी असते, बऱ्याच गाड्यांत तिच्या तोंडाला जाळी असते. चढावर इंजिनाची तहान वाढते, प्रवाह वाढतो आणि तळातला गाळ जाळीला जाऊन चिकटतो. इंजिन उपाशी पडतं. गाडी थांबवली की ओढ थांबते, गाळ पुन्हा तळाला बसतो, आणि गाडी पुढचे वीस किलोमीटर अगदी गुणी वागते.

हा गाळ मोटारहोमलाच जास्त का, तर ती वर्षातले बरेच महिने नुसती उभी असते. अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवा शिरते, रात्री गार पत्र्यावर तिचे थेंब होतात, पाणी जड म्हणून तळाला जातं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात त्या सीमेवर सूक्ष्मजीव वस्ती करतात. पाणी पाण्यातून, जेवण डिझेलमधून! त्यांच्या संसाराचा काळपट, बुळबुळीत थर पुढे जाळीत आणि फिल्टरात येतो. म्हणून गाडी ठेवून द्यायची तर टाकी भरून ठेवावी. आणि फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून त्यातलं थोडं डिझेल काचेच्या बरणीत काढून तासभर ठेवावं. खाली पाण्याचा वेगळा थर दिसला किंवा काळे तंतू तरंगले, तर नुसता फिल्टर बदलून भागणार नाही. नवा फिल्टर थोडे दिवस चालेल आणि आपण उगाच पेढे वाटू. टाकी उतरवून धुवावीच लागते.

त्याआधी एक अगदी स्वस्त परीक्षा. दम गेला की सुरक्षित जागी थांबून टाकीचं झाकण उघडावं. फुस्स करून हवा आत ओढली गेली आणि गाडी लगेच सुधारली, तर टाकीत हवा येण्याची वाट बुजली आहे.

दुसरा चोर म्हणजे हवा. इंजिनावरचा पंप जिथे डिझेल ओढून घेतो, तिथे ओढणाऱ्या बाजूच्या नळीला चीर गेली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. खाली फरशी कोरडी ठणठणीत, म्हणून गळती नाही असं सगळे छातीठोक सांगतात. फिल्टरच्या आधी आणि नंतर डिझेलला चालणाऱ्या पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा बसवावा आणि आरपीएम वाढवून बघावं. एखाददुसरा बुडबुडा सुरुवातीला दिसेल. सारखी माळ लागली तर रबरी नळ्या, क्लॅम्प, नळी जोडणाऱ्या पोकळ बॅन्जो बोल्टचे तांब्याचे वॉशर आणि डिझेल वर चढवायच्या हातपंपाचं सील तपासावं. वॉशर जुनेच परत लावू नयेत. मोटारहोममध्ये आणखी एक खास ठिकाण आहे: झोपायच्या जागेचा डिझेल हीटर. तो बसवताना कोणी टाकीत वेगळी नळी टाकण्याऐवजी इंजिनाच्याच नळीला टी-जोड मारला असेल, तर आधी तो जोड बघावा. रात्रीची ऊब दिवसा चढावर वसूल होते.

टाकी दोषी की इंजिन, हा वाद एका कॅनवर मिटतो. स्वच्छ डिझेलचा कॅन घट्ट बांधून, गाडीच्या बाहेर आणि गरम भागांपासून दूर ठेवावा, त्यातून थेट फिल्टरला नळी द्यावी, परतीची नळीही त्यातच सोडावी, आणि जागच्या जागी इंजिनावर भार देऊन बघावं. दुखणं गेलं तर ते टाकीत किंवा टाकी ते फिल्टर या वाटेवर आहे. पंपाच्या तोंडाशी व्हॅक्यूम गेज (ओढीचा जोर मोजणारा काटा) लावता आला तर उत्तमच: काटा पाऱ्याच्या 10 इंचांकडे सरकू लागला की कुठेतरी घसा आवळलेला आहे. टाकीतच विजेचा पंप असलेल्या गाड्यांत मात्र व्हॅक्यूम नाही, दाब मोजायचा. आणि कॉमन रेलच्या (सगळ्या इंजेक्टरांना दाबाखाली डिझेल पुरवणारी सामायिक नळी) हाय प्रेशर नळ्या इंजिन चालू असताना सैल करायच्या नाहीत, गळती बोटाने चाचपायची तर नाहीच. तिथे दाब 1600 बारच्या पुढे जाऊ शकतो. ती धार कातडीतून आत जाते.

चावी बंद करून पुन्हा फिरवली की लगेच बरी होत असेल, तर गाळाला दोष देऊ नये. गाळाला चावी कळत नाही. हा बहुधा लिम्प मोड: ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला) काहीतरी पटलं नाही आणि त्याने दम कापला. ईसीयूने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावावा, पण कोड म्हणजे निकालपत्र नव्हे, फक्त तक्रार. पी0087 म्हणतो रेलचा दाब कमी आहे. कारण तेच फिल्टर असू शकतं. पी0299 म्हणतो टर्बोचा दाब कमी आहे. टर्बो बदला असं तो कुठेही म्हणत नाही. चढावर चालू आकडे नोंदवावेत: रेलचा मागितलेला दाब आणि मिळालेला दाब, बूस्टचा, म्हणजे टर्बोच्या हवेचा, मागितलेला दाब आणि मिळालेला. जिथे दोघांची फारकत होते, तिथे जायचं.

बूस्ट कमी पडत असेल तर टर्बोची तापलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरच्या नळ्या चाचपाव्यात. चीर बरेचदा खालच्या बाजूला, आणि ती फक्त दाब आला की तोंड उघडते. तिच्याभोवती तेलाचा ओलसर काळा डाग असतो. तिची शिट्टी एरवी ऐकू आली असती, पण मागे कपाटातल्या वाट्या-चमच्यांची मैफल चालू असते. नळ्या शाबूत असतील तर टर्बोच्या व्हेन (हलती पाती) काजळीने अडकल्या आहेत का, आणि त्यांना हलवणाऱ्या बारीक व्हॅक्यूम नळ्या तडकल्या आहेत का ते बघावं.

धूरही बोलका असतो. दम जाताना काळा धूर म्हणजे डिझेल आहे, हवा नाही. दम गेला आणि धूरच नाही, तर डिझेलच पोचत नसावं. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाड्या मात्र धूर गिळून बसतात, त्यांच्याकडून ही साक्ष मिळत नाही.

विजेचं थोडक्यात. इंजिन ते चासी ही अर्थिंगची पट्टी आधी बघा. स्टार्टर फिरत असताना इंजिन ब्लॉक आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर जोड खरवडून साफ करा. मोटारहोममध्ये एकाच बोल्टवर पंखा, फ्रिज, दिवे, पाण्याचा पंप असे सगळे बिऱ्हाडकरू येऊन बसलेले असतात, आणि मूळ मालक इंजिन मात्र कोपऱ्यात.

मागे इंजिन असलेल्या मोठ्या मोटारहोमांत या सगळ्याआधी एक पायरी असते: गादी उचलणे. इंजिन पलंगाखाली असतं. चादर, उशा, गादी, फळी, मग इंजिन. अशा गाड्यांत रेडिएटर आणि इंटरकूलरही मागेच, म्हणून चाकांनी उडवलेली धूळ आणि इंजिनाचा श्वास सोडणाऱ्या ब्रीदरमधून येणारी तेलाची वाफ मिळून त्यांच्या जाळीवर गोधडी विणतात. टॉर्च लावून आतल्या बाजूनेही बघा. बाहेरून चकचकीत दिसणारा रेडिएटर आतून बुजलेला असतो.

आणि एवढं सगळं होऊन टाकी उतरवलीच, तर जाळीपाशी एक वस्तू नीट शोधा: नाण्याएवढी चंदेरी चकती. टाकी साफ करणाऱ्या औषधाच्या बाटलीच्या तोंडावरचं ते सील. अंगठ्याने दाबून फोडलं की हळूच आत पडतं, ओतताना औषधाबरोबर टाकीत जातं, आणि चढ लागला की नळीच्या तोंडावर अलगद येऊन बसतं.