मुंग्या थांबल्या म्हणजे नस सुधारली, असं नाही

एक संदेश वर्षानुवर्षं पुढे ढकलला जातो आहे: "हातापायांना मुंग्या येणं म्हणजे नसा ब्लॉक होणं. कारण एकच, बी-१२ची कमतरता. तपासण्यांच्या नादी लागू नका. बी-कॉम्प्लेक्सचा मोठा डोस घ्या, रोज रात्री कढत पाण्यात पाय शेका. २१ दिवसांत मुंग्या थांबल्या की नस मोकळी झाली." यावर विसंबणाऱ्याचं नुकसान होतं, आणि बरेचदा ते दुखत नसल्यामुळे लक्षातही येत नाही. म्हणून एकेक दावा तपासू.

नसा ब्लॉक होतात? इथे नस म्हणजे रक्तवाहिनी नव्हे, चेतातंतू. आणि चेतातंतू ही पोकळ नळी नव्हे. त्यातून विद्युतसंदेश जातात. बिघडतो तो तंतूचा गाभा किंवा त्यावरचं मायलिनचं वेष्टन. सगळ्यांत लांब तंतू पायाच्या बोटांपर्यंत पोचतात, म्हणून मधुमेहासारख्या आजारात त्रास तिथून सुरू होऊन वर सरकतो. मनगटात नस दाबली जाते तेव्हा चित्र वेगळं असतं: अंगठा आणि शेजारच्या दोन-तीन बोटांना मुंग्या, त्याही विशेषकरून रात्री. तिथे स्प्लिंट (मनगट सरळ धरून ठेवणारा पट्टा) लागतो, कधी छोटी शस्त्रक्रिया.

बी-१२ हे एकच कारण? अर्धसत्य. बी-१२ कमी पडलं तर नसाच काय, मज्जारज्जूही बिघडतो. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांनी आणि मांस-अंडी-दूध न खाणाऱ्यांनी ते तपासून घ्यायलाच हवं. पण नसांच्या आजाराचं जगभरातलं सर्वांत मोठं कारण मधुमेह आहे. मधुमेह असलेल्या जवळपास निम्म्या लोकांना कधी ना कधी तो गाठतो. शिवाय दारू, मूत्रपिंडाचे विकार, थायरॉइड, केमोथेरपीची काही औषधं, क्षयरोगावरचं आयसोनियाझिड आणि कुष्ठरोग. त्वचेवर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी लांबवू नये. तो औषधांनी बरा होतो, पण उशिरामुळे गेलेली नस परत येईलच असं नाही.

मोठा डोस निरुपद्रवी? हा दावा मला फार खटकतो. बी-कॉम्प्लेक्समध्ये बी-६ही असतं, आणि ते अति झालं तर त्यानेच नसा खराब होतात. रोज काही ग्रॅम बी-६ घेणाऱ्यांच्या पायांची संवेदना गेली, चालताना तोल जाऊ लागला, हे १९८३ सालीच प्रसिद्ध झालं. पुढे बऱ्याच कमी मात्रेतही हा त्रास दिसला. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये प्रौढांसाठी दिवसाला १२ मिलिग्रॅम ही वरची मर्यादा ठरवली. आयसोनियाझिडबरोबर डॉक्टर बी-६ देतात ते मोजून, कारण असल्यामुळे. स्वतःच्या मनाने घेत असाल, तर पाकिटावरचा आकडा आजच वाचा.

कढत पाण्याचा शेक तर सरळ धोका आहे. बधिर पायाला पाणी किती गरम आहे हे कळतच नाही. फोड येतो, तो कळत नाही. त्यावरच चालणं होतं, जखम चिघळते. मधुमेहात पाय कापावा लागण्यापर्यंत गोष्ट जाते ती बहुधा अशाच दुर्लक्षित जखमेतून. म्हणून रोज तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात (वाकता येत नसेल तर आरसा घ्यावा किंवा घरातल्या कोणाला पाहायला सांगावं), अनवाणी फिरू नये, बूट घालण्याआधी आत हात घालून पाहावं.

'मुंग्या थांबल्या की नस मोकळी झाली' हे वाक्य म्हणूनच सर्वांत फसवं. मुंग्या आणि आग थांबते तेव्हा कधी नस सावरलेली असते, तर कधी ती संदेश द्यायचीच थांबलेली असते. फरक ओळखायला स्पर्श कळतो का हे पाहणारा, १० ग्रॅमचा दाब देणारा नायलॉन धागा आणि कंप कळतो का हे पाहणारा १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क लागतो. तपासणी काही मिनिटांची, न दुखणारी. नसेतून विद्युतसंदेश कसा जातो हे मोजणारी नर्व्ह कंडक्शन चाचणी नॉर्मल आली तरी आजार नाही असं ठरत नाही, कारण बारीक तंतू तिच्यात पकडले जात नाहीत.

राहिले २१ दिवस. तुटलेली नस साधारण दिवसाला १ मिलिमीटर वाढते. म्हणजे २१ दिवसांत जेमतेम दोन सेंटिमीटर! मधुमेहात तर झालेली हानी पूर्ण भरून येणं अवघड. पुढची रोखणं हेच मोठं काम. टाइप १ मधुमेहात काटेकोर साखरनियंत्रणाने नसांचा आजार सुमारे ६० टक्क्यांनी घटला, असं १९९३ च्या मोठ्या अभ्यासात दिसलं. टाइप २ मध्ये फायदा कमी दिसतो. प्रीगॅबालिन, ड्युलॉक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन ही औषधं वेदना कमी करतात, नस दुरुस्त करत नाहीत. पण ज्याला रात्रभर झोप लागत नाही, त्याच्यासाठी तेही थोडं नाही.

आणि तपासणीच्या नादी लागू नका, असं ऐकून कोणी घरी थांबू नये अशा काही वेळा असतात. पायांतला अशक्तपणा दिवसागणिक वर चढतोय, श्वास लागतोय, लघवी-शौचावरचा ताबा सुटलाय, किंवा एकाच बाजूचा हात-चेहरा अचानक बधिर झालाय: तडक रुग्णालय गाठावं. चढत जाणारा अशक्तपणा गियाँ-बारे सिंड्रोमचा (शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर हल्ला करते तो आजार) असू शकतो. त्यावर शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन (प्रतिपिंडं) देण्याचा किंवा प्लाझ्मा (रक्तातला द्रव) बदलण्याचा उपचार आहे, आणि तो पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाला तर सर्वाधिक उपयोगी पडतो.